सत्यनारायणाचं लाँच

चिमाजी गवारे पेपर वाचायला बसले की आधी हात लांब करायचे, मग मान मागे न्यायचे, आणि तरीही अक्षर लागलं नाही की पेपर छापणाऱ्याला नावं ठेवायचे. खराबवाडीतल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर हा कार्यक्रम रोज सकाळी चाले. शेवटी त्यांची मुलगी योगिनी वैतागली. ती हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने स्वतःसाठी नवा टॅब घेतला आणि जुना आप्पांच्या हातात ठेवला.

"आप्पा, यात पेपर आहे, पुस्तकं आहेत, नकाशा आहे, बसच्या वेळा आहेत. अक्षर बारीक वाटलं की दोन बोटांनी असं ताणायचं."

चिमाजींनी ताणलं. इतकं ताणलं की अख्ख्या पडद्यावर 'महा' एवढंच उरलं. पुढे राष्ट्र आहे की नगरपालिका, हे कळायला त्यांना बोटाने बातमी ओढत ओढत बरंच लांब जावं लागलं.

"असा वाचला तर आजचा पेपर दिवाळीला सपंल," रतनबाई म्हणाल्या.

पण चिमाजी गडी जिद्दीचा. चाकणच्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या यंत्रापुढे उभा जन्म काढलेला. थोड्याच दिवसांत ते टॅबवर सराईतपणे पेपर वाचू लागले. एक रहस्यकथा निम्म्यावर आणली. नकाशा तर त्यांना इतका आवडला की त्यांनी त्यात आधी आपलं घर शोधलं, मग विहीर शोधली, आणि मग चुलतभावाने बांध कसा कोरत आणलाय ते वरून बघून रतनबाईंना हाक मारली. "बघ, आभाळातनं सुद्धा दिसतंय!"

योगिनीने टॅब देताना त्यातले आपले फोटो काढून टाकले, गाणी काढली. ऑफिसचं कॅलेंडर मात्र काढायचं राहून गेलं. त्यामुळे चिमाजी रहस्यकथा वाचत असले की वरून एक पट्टी घरंगळत खाली यायची. त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असायचं आणि खाली दोन चौकटी असायच्या, येस आणि नो.

चिमाजींना इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता येत. पहिली पट्टी आली ती 'डेली स्टँड-अप'ची, म्हणजे ऑफिसातल्या रोज सकाळच्या छोट्या मीटिंगची. चिमाजींनी अर्थ लावला, रोज उभं राहायचं. डॉक्टरांनी एका जागी बसून राहू नका म्हणून सांगितलंच होतं. पोरीने औषधाच्या वेळेसारखी ही सोय करून ठेवली असणार, असं समजून चिमाजींनी येस दाबलं. तेव्हापासून रोज सकाळी टॅब थरथरला की ते खुर्चीतून उठून ओसरीवर ताठ उभे राहत. शेजारच्या केसरबाईंना वाटलं, चिमाजींच्या घरी रोज राष्ट्रगीत लागतं.

मग दुसऱ्या पट्ट्या येऊ लागल्या. रिव्ह्यू, प्लॅनिंग, ट्रेनिंग, योगा क्लब, फायर ड्रिल कमिटी. प्रत्येकीवर 'यू आर इन्व्हायटेड' असं लिहिलेलं. इन्व्हायटेड म्हणजे निमंत्रण, हे चिमाजींना लग्नपत्रिकांमुळे पाठ होतं. आणि निमंत्रणाच्या बाबतीत त्यांचा शिरस्ता पंचक्रोशीला ठाऊक होता. साखरपुडा असो, बारसं असो, वास्तुशांत असो, बोलावलं आणि चिमाजी गवारे गेले नाहीत असं कधी झालं नव्हतं. एकदा तर एकाच दुपारी ते तीन लग्नांत अक्षता टाकून आले होते.

"कुणाचं हाय, कशाचं हाय, ठावं तरी हाय का?" रतनबाईंनी विचारलं.

"न्हाई. पर बोलावनाऱ्याला तोंडावर न्हाई म्हनायचं व्हय? येस म्हनायला काय जातंय. जायचं का न्हाई ते मागनं बघू."

आणि पट्टी आली की चिमाजी येस दाबत गेले.

तिकडे योगिनीचे दिवस वाईट जायला लागले. पहाटे कंपनीची कॅब यायची ती परत सोडायला अंधार पडून गेल्यावर यायची. एका मीटिंगमधून बाहेर पडली की दुसरी सुरू झालेली असायची. तिचं कॅलेंडर आपोआप भरत होतं. तिला वाटलं, साहेबांनी आपल्याविरुद्ध मोहीमच उघडली आहे.

"मला न विचारता सगळीकडे घालतायत, आप्पा," ती जेवताना म्हणाली. तिचे डोळे मिटत होते. "त्या फायर ड्रिलशी माझा काय संबंध? योगा क्लबला मी कशाला?"

चिमाजींना पोरीची फार दया आली. त्यांनी तिच्या ताटात भाकरीचा चतकोर वाढला आणि सांगितलं, "योगू, एवढं अंगावर घेऊ न्हाई. मानसानं न्हाई म्हनायला शिकावं."

अशात एक दिवस ती मोठी पट्टी आली. चिमाजींनी ती दोन बोटांनी ताणली आणि एकेक शब्द लावला. सगळ्यात वर होतं, सत्यनारायण एम. त्याखाली, अन्नपूर्णा. त्याच्यापुढे एल, ए, यू, एन, सी, एच. मग, ऑल हँड्स. मंगळवार, भर दुपारची वेळ, हिंजवडीचा पत्ता, चौथा मजला.

चिमाजी ताडकन उठले. या वेळी स्टँड-अपची वेळ नसताना.

"अगं, पोरीच्या हापिसात सत्यनारायण हाय! वर नावच घातलंय. सत्यनारायण एम, म्हंजी महापूजा. अन्नपूर्णा आन् लंच, म्हंजी परसादाचं जेवान. आन् ऑल हँड्स म्हंजी समद्यांनी यायचं, सहकुटुंब!"

"लंच असंच लिवत्यात का?"

"मधी एक 'ए' जादा पडलाय. इंग्रजीत चालतंय तसं."

"पर योगी काय बोलली न्हाई."

"तिनं कसं बोलावं? सायबानं परस्पर मानानं बोलावलंय. माझ्या टॅबवर धाडलंय न्हवं?"

तरी रतनबाईंनी खात्री करून घ्यायचं ठरवलं. रात्री योगिनी हात धूत असताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मंगळवारी काय हाय गं तुमच्या कंपनीत?"

"लाँच आहे, आई," योगिनी जांभई देत म्हणाली. "सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात पडलंय. जीव जाणार माझा."

रतनबाईंचं काळीज हललं. एवढ्या मोठ्या कंपनीचा स्वयंपाक आणि पोरगी एकटी! मंगळवारी पहाटे कॅब गेली तशी त्यांनी पुरण शिजायला टाकलं. नवऱ्याला म्हणाल्या, "तेवढाच तिला हातभार. पोळ्या घिऊन जाऊ." चिमाजींनी योगिनीच्या साहेबांसाठी टॉवेल, टोपी, शाल आणि नारळ पिशवीत भरला. आहेर नको म्हणून पट्टीवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

पत्त्यावर बोट ठेवलं की नकाशा उघडतो आणि एक बाई रस्ता सांगते, हे चिमाजींना माहीत होतं. चाकणहून भोसरीपर्यंत ती बाई शांत होती. हिंजवडीच्या बसमध्ये बसल्यावर मात्र तिला कंठ फुटला. चिमाजी ड्रायव्हरच्या अगदी मागे बसलेले, मांडीवर टॅब, आवाज पूर्ण वर. तो कमी कसा करायचा हे योगिनीने दाखवलं होतं, पण चिमाजींना त्याची कधी गरज वाटली नव्हती.

"पुढे डावीकडे वळा," बाई म्हणाली.

बस सरळ गेली.

"योग्य ठिकाणी मागे वळा," बाई म्हणाली.

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "काका, त्या ताईला गप करा राव. मला माझी लाईन माहितीये."

"आवो, पर ती म्हनतीय डावीकडनं रस्ता मोकळा हाय."

"ती म्हणती म्हणून बस काय गल्लीत घालू?"

"योग्य ठिकाणी मागे वळा," बाई पुन्हा म्हणाली. पुढे वाकडच्या चौकात बस गच्च अडकली तेव्हा मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं, "ड्रायव्हर, ऐकायला पाहिजे होतं राव ताईचं!" मग निम्मी बस चिमाजींच्या बाजूची आणि निम्मी ड्रायव्हरच्या बाजूची झाली. उतरताना चिमाजींनी ड्रायव्हरला एक पुरणपोळी दिली, तेव्हा कुठे तो निवळला.

कंपनीच्या फाटकावर नागसेन नावाचा सिक्युरिटी गार्ड होता. परभणीकडचा. समोर पांढरी टोपी, नऊवारी लुगडं, डोक्यावर कापडात बांधलेला पोळ्यांचा डबा असं जोडपं बघून तो पुढे आला.

"कुठं निघालाव, काका?"

"वर. सत्यनारायण हाय न्हवं?"

"हायेत की. सकाळपून चौथ्या मजल्यावरच बसलेत." नागसेनने आवाज खाली आणला. "पर जरा जपून जावा. आज लई तापलेत."

रतनबाईंनी जागच्या जागी हात जोडले. "सत्यनारायन तापला? पूजंत काय कमी पडलं का काय?"

नागसेनला नीट उलगडलं नाही, पण त्याने टॅबवरचं निमंत्रण पाहिलं. त्यावर गवारे हे नाव होतं आणि येस केलेलं होतं. त्याने दोघांच्या गळ्यात पाहुण्यांचे पट्टे अडकवले आणि लिफ्टपर्यंत सोडलं.

चौथ्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत त्या वेळी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भिंतीवरच्या एका पडद्यावर जर्मनीतली क्लायंट बाई बसली होती. तिची कंपनी कारखान्यांची कँटीन चालवायची. आज किती माणसं जेवणार, किती भात टाकायचा, हे आधी सांगणारं 'अन्नपूर्णा' नावाचं ॲप योगिनीच्या टीमने तिच्यासाठी बनवलं होतं, आणि आज ते तिच्यासमोर पहिल्यांदा सुरू होणार होतं. योगिनीने बटण दाबलं होतं. दुसऱ्या पडद्यावर एक गोल चाक फिरत होतं. फिरतच होतं.

"जस्ट अ मोमेंट," योगिनी म्हणाली. हे ती तिसऱ्यांदा की चौथ्यांदा म्हणत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता. साहेब खुर्चीच्या कडेवर आले होते. जर्मन बाईने घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात दार उघडलं.

"रामराम मंडळी," चिमाजी म्हणाले. "जरा उशीरच झाला. ड्रायव्हर ऐकंना."

योगिनीच्या हातातला माईक खाली आला. "आप्पा?"

"तुझं चालू दे." चिमाजींनी खोलीभर नजर फिरवली. चौरंग नाही, केळीचे खुंट नाहीत, भटजी नाहीत. सगळे बूट घालून बसलेले. "सत्यनारायण कुठं मांडलाय?"

टेबलाच्या टोकाचा सडपातळ, चष्मेवाला माणूस गोंधळून उभा राहिला. "यस? मैं सत्यनारायण."

रतनबाईंचे हात अर्धवट जोडलेल्या अवस्थेत थांबले. योगिनीला खालची फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण चिमाजी आयुष्यभर मांडवांत वावरलेले होते. भलत्याच लग्नात शिरलो तरी अक्षता टाकून यायच्या, एवढा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांनी पिशवीतून शाल काढली आणि साहेबांच्या खांद्यावर घातली. डोक्यावर टोपी ठेवली. हातात टॉवेल-नारळ दिला.

"ओ, वंडरफुल!" पडद्यावरून आवाज आला. जर्मन बाई खुर्चीत पुढे सरकली होती. "इज धिस द लाँच सेरेमनी?"

सत्यनारायण साहेबांनी फिरणाऱ्या चाकाकडे पाहिलं. मग हातातल्या नारळाकडे पाहिलं. हा माणूस वेळ काढून देतो आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. "यस यस! ट्रॅडिशन, मॅडम! बिना नारियल के लाँच नहीं होता!"

"मग फोडा की," चिमाजी म्हणाले.

"आप फोडिए, अंकल."

चिमाजी फोडायला निघाले खरे, पण कशावर? टेबल काचेचं. खाली गालिचा. भिंती लाकडी फळ्यांच्या. "येवढी थोरली इमारत," ते योगिनीला म्हणाले, "आन् नारळ फोडायला एक धोंडा न्हाई ठिवला?" मग एक जण कंपनीच्या जिममध्ये धावत गेला आणि एक लोखंडी डंबेल घेऊन आला. जर्मन बाईने हे यंत्र कोणतं म्हणून विचारलं. साहेबांनी तेही ट्रॅडिशन असल्याचं सांगितलं.

चिमाजींनी डंबेल गालिच्यावर ठेवलं, मांडी घातली, डोळे मिटले आणि नारळ हाणला. पाणी साहेबांच्या पँटीवर उडालं, आणि त्याच वेळी योगिनीच्या पाठीमागे पडद्यावरचं चाक थांबून अन्नपूर्णा उघडली. हिरवी, लखलखीत, आकड्यांसकट. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. जर्मन बाई तिकडे एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होती.

पुढची दहा-पंधरा मिनिटं योगिनी कशी बोलली ते तिचं तिलाच आठवत नाही. ॲप चाललं, बाई खूश होऊन पडद्यावरून गेली, आणि तोवर रतनबाईंनी डबा सोडला होता. सकाळपासून पोटात काही नसलेल्या पोरांनी तो उभ्या उभ्या रिकामा केला. सत्यनारायण साहेब डोक्यावरच्या टोपीसकट दोन पोळ्या खाऊन चिमाजींच्या शेजारी येऊन बसले.

"अंकल, आपकी बेटी एकदम ग्रेट," ते म्हणाले. "बाकी लोग बहाने करते. ये लडकी कभी नो नहीं बोलती. रिव्ह्यू, यस. ट्रेनिंग, यस. फायर ड्रिल में मैंने सबको बुलाया था. सिर्फ इसने यस बोला! इसलिए अगले महीने से टीम लीड यही बनेगी."

"मी?" योगिनी म्हणाली. "सर, पण मी तर कधीच..."

ती तिथेच अडखळली. चिमाजींच्या मांडीवरचा टॅब थरथरला होता. वरून एक पट्टी घरंगळत खाली आली होती, आणि साहेबांकडे बघून मान डोलावता डोलावता चिमाजींचं बोट सवयीने तिच्यावर गेलं होतं. येस.

योगिनीच्या खिशातला फोन लगेच वाजला. तिने तो बघितला. मग टॅब बघितला. मग बापाकडे बघितलं.

"क्या हुआ?" साहेबांनी विचारलं.

"कुछ नहीं, सर," योगिनी कशीबशी म्हणाली. "थँक यू, सर."

बाहेरच्या पॅसेजमध्ये आल्यावर मात्र ती फुटली. "आप्पा, तुम्ही? इतके दिवस मला वाटत होतं सर मला छळतायत. मी राजीनामा टाइप करून ठेवलाय, माहितीये? दुपारचं जेवणसुद्धा धड होत नव्हतं माझं. आणि वर मलाच सांगत होता, नाही म्हणायला शिक!"

चिमाजींचा चेहरा उतरला. त्यांनी टॅब दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "घे बाई हे. मला वाटलं, मला बोलवत्यात. नोकरीत असताना कवा कुनी बोलावलं न्हाई, आता येवढी बोलावनी याय लागली तर बरं वाटलं." मग ते म्हणाले, "तुझ्या जिवावर बेतत व्हतं ते न्हाई कळलं. चुकलं माझं."

योगिनीने टॅब घेतला नाही, फक्त त्यातलं ऑफिसचं कॅलेंडर तिथल्या तिथे काढून टाकलं. मग तिचं लक्ष आईकडे गेलं. रतनबाई रिकाम्या डब्याला झाकण लावत भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आई, तुम्ही काही खाल्लंत का?"

"न्हाई बाई. लंच कवा हाय, तेच तर बघतोय."

"लंच?"

"तूच म्हनली न्हवं, मंगळवारी लंच हाय म्हनून? ह्यांच्या टॅबवर बी लिवलंय. मधी एक 'ए' जादा हाय, एवढंच."

योगिनीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं, आणि ती भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसली. पोरगी रडतेय समजून रतनबाई धावल्या. जवळ गेल्यावर कळलं, ती हसत होती. इतकी हसत होती की आवाजच फुटत नव्हता.

कँटीन बंद होऊन बराच वेळ झाला होता. योगिनी आत गेली, साहेबांना अर्धा दिवस सुट्टी मागितली. साहेबांनी ती दिलीच, वर कंपनीची कॅबही दिली. वाटेत एका हॉटेलात तिघांनी मिसळ खाल्ली. योगिनी तर्री मागून घेत होती आणि मधेच 'सत्यनारायण कुठं मांडलाय' आठवून तिला ठसका लागत होता.

परत कॅबमध्ये बसल्यावर ती आई-बापाच्या मधे बसली. गाडीत गारवा होता. थोडं अंतर जाते न जाते तोच तिची मान रतनबाईंच्या खांद्यावर कलली आणि ती गाढ झोपली. रतनबाईंनी पदर तिच्या अंगावर ओढला. बाहेर ऊन उतरत होतं, गाड्यांच्या काचा चमकत होत्या. चिमाजी बराच वेळ लेकीच्या तोंडाकडे बघत बसले. मग पुढे वाकून ड्रायव्हरच्या कानाशी हळूच म्हणाले, "भाऊ, जरा सावकाश चालवा. पोरगी झोपलीय."

ड्रायव्हर मागे वळला. तोही हळू आवाजातच म्हणाला, "काका, ट्रॅफिक जाम आहे. गाडी मघापासून उभीच आहे."

"मग ऱ्हाऊ द्या तशीच," चिमाजी म्हणाले.